शेहेचाळिसाव्या पानावरची शेवटची ओळ

ताईला मिळालेलं शून्य तिच्याआधी मी पाहिलं. परीक्षा विभागाचं झेरॉक्स मशीन नेहमीप्रमाणे बंद पडलं होतं, म्हणून तिथला कारकून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काखोटीला मारून आमच्या दुकानात आला होता. ज्यांनी आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायला मागितली होती, त्यांना द्यायच्या प्रती काढायच्या होत्या. चोवीस पत्रिका होत्या. विसाव्याला अक्षर ओळखीचं दिसलं आणि माझा हात थांबला.

प्रश्न सातवा, दहा गुणांचा. पानभर उत्तर, त्यावर वरपासून खालपर्यंत एक तिरकी लाल रेघ आणि समासात शून्य. शेरा नाही, प्रश्नचिन्ह नाही, कुठे चुकलं त्याची खूण नाही. रेघ इतकी सरळ होती की ओढणारा मध्ये कुठे अडखळलाच नव्हता. वाचताना माणसाचा हात कुठेतरी थांबतो. मी रोज हजार पानं हाताळते, वाचलेलं पान कुठलं आणि नुसतं उलटलेलं कुठलं ते मला कळतं. एकूण गुण तेहेतीस. पास व्हायला चाळीस लागतात.

"झाल्या का प्रती?" कारकुनानं विचारलं.

"मशीन तापलंय. अर्ध्या तासानं या," मी म्हणाले. मशीन गार होतं. तापलं होतं ते माझं डोकं.

आमचं दुकान विद्यापीठाच्या मागच्या फाटकाला चिकटून आहे. गाळा विद्यापीठाचा, करार दरवर्षी नवा करायचा. दोन झेरॉक्स मशीनं, एक कटर, एक स्पायरल बाइंडिंगचं यंत्र आणि भिंतभर मांडणी. त्या मांडणीत नोट्सच्या मास्टर कॉपी, विषयवार लावलेल्या. कुणी प्राध्यापक आपली वही देतो, तिची एक चांगली प्रत काढून आम्ही ठेवून घेतो, वही परत जाते, आणि पुढे वर्षानुवर्षं त्या एका प्रतीवरून बाकीच्या निघत राहतात. बाबा गेले तेव्हा ताई एकवीस वर्षांची होती, मी सोळा. दुकान आमच्या गळ्यात पडलं. ताई बारावी झाली होती, मला दहावीतून काढून काउंटरवर बसवलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली, आणि तो राग अजून माझ्या नाकाच्या शेंड्यावर आहे, हे मी लपवत नाही.

ताई माझ्याहून वेगळी. मशीनचा दिवा काचेखालून इकडून तिकडे जाईपर्यंत जे तीन-चार सेकंद मिळतात, त्यात मी रस्त्यावर बघते, ती कागदावर बघायची. बाकीच्या विषयांचं तिला काही वाटलं नाही, गणितानं मात्र तिला धरलं. पुसट आलेली प्रत ती टाकून द्यायची नाही, घरी आणायची आणि पाठकोऱ्या बाजूला गणितं सोडवत बसायची. चौतिसाव्या वर्षी तिनं बीएस्सीचा फॉर्म भरला. सकाळी सात ते दहा वर्गात, दहानंतर काउंटरवर. सकाळी जी पोरं तिच्या बाकावर बसायची, तीच दुपारी येऊन "ताई, दोन्ही बाजूंनी काढा" म्हणायची. आख्ख्या विद्यापीठात तिला झेरॉक्सताई म्हणतात. तिला त्याचं काही नाही. मला राग येतो, पण माझं काय, मला कशाचाही येतो.

पदवीची तीन वर्षं असतात आणि जास्तीत जास्त सहा मिळतात. मधली दोन वर्षं आईच्या दुखण्यात गेली, आणि शेवटी आईही गेली. एक वर्ष दोन पेपर राहिले. हे सहावं. सगळे विषय सुटले होते, एक ॲनालिसिसचा, गणितातलाच, पेपर तेवढा उरला होता. तो यंदा सुटला नाही तर आधीचं सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्या वर्षाचा फॉर्म. चाळिसाव्या वर्षी.

ती जेवणाचा डबा उघडत होती तेव्हा मी तिच्यासमोर तिचीच उत्तरपत्रिका ठेवली. तिनं लाल रेघ पाहिली, पान उलटं ठेवलं आणि पहिला घास घेतला.

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली.

"काय वाटलंच होतं? ह्या चोवीस जणांत तेवीस जणांना ह्याच प्रश्नाला दहापैकी दहा आहेत! मी सगळ्या पत्रिका पाहिल्यात. सगळ्यांचं उत्तर शब्दाला शब्द तेच आहे, आपल्या नोट्समधलं. तुला ते पाठ नव्हतं?"

"पाठ होतं."

"मग?"

"प्रश्नच खोटा आहे," ती म्हणाली.

मग तिनं कटरखालच्या डब्यातून कागदाची एक लांब पट्टी काढली आणि मला समजावलं. ही समज संख्यांची पट्टी. हिच्यावर एक आलेख काढायचा, कुठेही न तुटणारा. आलेखात फार मोठा चढउतार नको असेल, तर पट्टीवर किती जवळजवळ राहायचं याचं एक माप लागतं. थिअरम असं सांगतं की पट्टीची दोन्ही टोकं पट्टीतच धरली असतील, तर एकच माप सगळ्या पट्टीला पुरतं. ह्या गुणाला जे नाव आहे ते उच्चारताना माझे दात पडतील, म्हणून लिहीत नाही. मग तिनं कात्रीनं पट्टीचं टोक कापलं. "हे टोक म्हणजे शून्य. आता ते पट्टीत नाही. आता एक भागिले एक्स घे. शून्याच्या जितकी जवळ जाशील तितकं ते वर वर जातं, थांबतच नाही. तिथे कुठलंच माप पुरत नाही. थिअरम पडलं."

"आणि प्रश्नात काय होतं?"

"प्रश्नात टोकांची अटच नव्हती. आणि म्हणे सिद्ध करा."

"पण मग पोरांनी सिद्ध कसं केलं?"

ती उठली, मांडणीतून ॲनालिसिसची मास्टर कॉपी काढली आणि शेहेचाळिसावं पान उघडलं. "इथे बघ. पट्टीवरचे बिंदू सरकत सरकत एका जागी येतात, तिला सी म्हणायचं. पान संपलं. सत्तेचाळिसावं पान सुरू होतं, 'आता सी पाशी'. पण सी पट्टीत आहे कशावरून? तो नेमका कापलेल्या टोकावर असला तर? ह्या दोन पानांच्या मध्ये एक ओळ असणार. टोकं पट्टीत आहेत, म्हणून सी पट्टीत आहे. ती ओळ इथे नाही. ओळ नाही म्हणून वाचणाऱ्याला वाटतं, टोकांची गरजच नाही. पेपर काढणाऱ्यालाही तसंच वाटलं. त्यानं हुशारी दाखवायला अट काढून टाकली."

"पेपर कुणी काढला?"

"पहिल्या कॉपीनं."

आम्ही गिऱ्हाइकांना नावानं ओळखत नाही, कामानं ओळखतो. एकोणीस वर्षांपूर्वी गणिताच्या जुन्या, आता निवृत्त झालेल्या सरांच्या ह्या नोट्स आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांची पहिली प्रत ज्या विद्यार्थ्यानं नेली तो पहिली कॉपी. आमच्याच काउंटरला कोपरं टेकून उभा असायचा. पुढे तो तिथेच शिकवायला लागला, आता विभागप्रमुख आहे. त्यानं आमच्या नोट्स वाचून परीक्षा दिली, आमच्याच नोट्स वाचून शिकवलं, त्याच नोट्सवरून प्रश्न काढला आणि त्याच नोट्स शेजारी ठेवून पेपर तपासले. ग्रंथालयात ह्या विषयावर आठ पुस्तकं आहेत. त्यांच्यावरची धूळ बघून या एकदा.

"तुला हे कधी कळलं?" मी विचारलं.

"यंदा अभ्यासाच्या सुट्टीत. तोवर सगळ्यांनी नोट्स नेल्या होत्या. दोघीतिघींना सांगितलं. त्या म्हणाल्या, ताई, आहे तसंच लिहिलेलं बरं."

"बरोबरच म्हणाल्या! तू पण लिहायचंस ना तसंच! दहा घ्यायचे, पास व्हायचं, मग काय तो खरं-खोट्याचा घोळ घालत बसायचं!"

"जे खोटं आहे ते सिद्ध कसं करू गं?" ती खरोखर न कळल्यासारखी म्हणाली, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिडावं असं माणूस समोर असलं म्हणजे बरं असतं. ताईवर चिडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

अर्ज केले. पहिल्या खिडकीवर सांगितलं की फेरतपासणीत फक्त बेरीज बघतात. बेरीज बरोबर होती, शून्य मिळवलं की बेरीज चुकायची शक्यता कमीच. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं की विभागप्रमुखांची शिफारस आणा, म्हणजे ज्यानं मारलं त्याच्याकडूनच मलमाची चिठ्ठी आणा. विभागप्रमुखांनी अर्जावर लिहून दिलं, 'उत्तर अपेक्षित पद्धतीनुसार नाही.' शेवटी मीच तीन दिवस परीक्षा विभागाच्या दारात ठिय्या देऊन बसले, कारकुनाच्या येण्याजाण्याच्या वाटेत, तेव्हा कुठे तक्रार समितीपुढे गुरुवारी अकराची वेळ मिळाली.

"आता एकच काम कर," मी ताईला म्हणाले. "जुन्या सरांकडून मूळ वही आण. ती ओळ वहीत असणार. वही टेबलावर आपटायची, की पहिल्या कॉपीचे डोळे पांढरे."

"वही नको."

"का?"

"नको म्हटलं ना. उत्तर बरोबर आहे, ते माझं मी सांगेन."

"तुझं कोण ऐकतंय? सहा वर्षं घासलीस, आणि आता ऐन वेळी शेपूट घालतेस?"

तिनं कटरखालचे तुकडे गोळा करायला घेतले. मूग गिळून बसायचं आणि समोरच्याला बोलून बोलून थकवायचं, ही तिची जुनी रीत. पुढचे दोन दिवस आम्ही एकमेकींशी फक्त कागदाच्या आकाराबद्दल बोललो.

बुधवारी दुपारी ती बँकेत गेली तशी मी शटर ओढलं आणि दोन बस बदलून जुन्या सरांकडे गेले. सर आता थकलेत, कानाला कमी ऐकू येतं. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मी कोण ते ओरडून तीनदा सांगितल्यावर सरांना आठवलं, आणि मग ते इतके खूष झाले की माझा राग दोन मिनिटं बाजूला राहिला. "झेरॉक्सवाल्यांची धाकटी! तू फार रागीट होतीस," ते म्हणाले. कपाटाच्या तळातून त्यांनी वही काढली. लांब, जाड पुठ्ठ्याची, आपल्या रोजच्या कागदापेक्षा दोन बोटं उंच.

शेहेचाळिसावं पान काढलं. ओळ होती. छापील रेघा संपल्यावर, खालच्या कोऱ्या जागेत, बारीक अक्षरात कोंबलेली. 'टोके अंतरालात आहेत, म्हणून सी अंतरालातच आहे.' अंतराल म्हणजे ताईची पट्टी.

"पान उलटायचा कंटाळा केला मी," सर हसले. "बाकी कुठे मी रेघांच्या खाली उतरलेलो नाही. पण ही ओळ महत्त्वाची, हिच्यातच सगळा जीव आहे प्रूफचा. का गं? तुमच्या प्रतीत नाही?"

मी वही हातात घेतली. बोटांना ती उंची आठवली.

एवढी उंच वही आपल्या कागदावर मावत नाही. मशीन नव्वद टक्क्यांवर लावावं लागतं, म्हणजे अक्षर जरा लहान येतं आणि पान पूर्ण येतं. शाळा सुटून मला आठवडाही झाला नव्हता. ताईनं बजावलं होतं, "वही लांब आहे, नव्वदवर ठेव." ठेवलं होतं मी. चाळीस पानं नीट काढली. मग फाटकापुढून माझ्या वर्गातल्या मैत्रिणी जाताना दिसल्या, दप्तरं घेऊन, खिदळत. मी मशीन सोडून मागे जाऊन रडून आले. ते जुनं मशीन थोडा वेळ तसंच ठेवलं की आपोआप शंभरावर जायचं. परत आले तेव्हा आकडा शंभर दिसत होता. मला दिसत होता. पण तोवरच्या प्रत्येक पानाचा खालचा भाग कोराच होता, मग कोरं कापलं गेलं तर कुणाचं काय जातंय, असं म्हणून मी बाकीची वही तशीच दणादणा काढली. शाळेचा राग मी त्या वहीवर काढला. कोऱ्या भागात एकाच पानावर एकच ओळ होती.

परतीच्या बसमध्ये मला अजून एक गोष्ट कळली. आमच्या मास्टर कॉपीत चाळिसाव्या पानापर्यंत अक्षर लहान आहे आणि एक्केचाळिसाव्यापासून मोठं. मशीनवर एकोणीस वर्षं कागदच बघत आलेल्या ताईला हे दिसणार नाही, असं होईल का?

दुकानात आले तेव्हा ताई शटर उघडून बसली होती. माझ्या हातातली वही बघून तिनं डोळे मिटले.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"हो."

"म्हणून वही नको म्हणालीस."

"वही पुढे ठेवली की तो सगळं खापर तुझ्यावर फोडणार. गाळ्याचा करार ह्याच महिन्यात आहे. आणि," तिनं वही माझ्या हातातून घेतली, "शाळेतून तुला मी काढलं. मला एकटीला झेपत नव्हतं म्हणून. त्या आठवड्यात तुझ्या हातून काय कापलं गेलं, ह्याचा जाब मी तुला कुठल्या तोंडानं विचारू?"

एकोणीस वर्षं मी जे ऐकायची वाट बघत होते ते मला असं, भर दुकानात, एक गिऱ्हाईक समोर ओळखपत्राची प्रत मागत असताना ऐकायला मिळालं. मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली. मी त्या माणसाची प्रत काढून दिली. दोन्ही बाजू, नीट, टोकं न कापता.

गुरुवारी अकरा वाजता समितीच्या खोलीत मलाही जायचं होतं. दारावरच्या शिपायानं अडवलं. मी त्याला म्हणाले की मी पुरावा घेऊन आलेय आणि पुराव्याला पाय नसतात. आत लांब टेबलामागे तिघं होते. मध्ये अध्यक्षबाई, त्या रसायनशास्त्राच्या. एका बाजूला आमचा कारकून, नोंदी घ्यायला. दुसऱ्या बाजूला पहिली कॉपी, कडक इस्त्रीच्या शर्टात. ताई समोर उभी होती. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"साधी गोष्ट आहे, मॅडम," तो अध्यक्षबाईंना सांगत होता. "प्रश्नात म्हटलंय सिद्ध करा. एकशे सात मुलांनी सिद्ध केलं. ह्यांनी लिहिलं, खोटं आहे. सिद्ध करा म्हटल्यावर खोटं आहे म्हणणाऱ्याला मी काय देऊ?"

"पण पुस्तकात टोकांची अट आहे, असं ह्या म्हणतात," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"अट आहे, पण प्रूफमध्ये ती कुठे वापरलेलीच नाही. म्हणजे अनावश्यक. मी मुद्दाम काढली. विचार करणाऱ्या मुलांसाठी होता तो प्रश्न."

विचार करणाऱ्या! मी वही टेबलावर ठेवली. आपटणार होते, पण वही सरांची होती. "वापरली आहे," मी म्हणाले. "शेहेचाळीस पानाच्या तळाला बघा. जुन्या सरांचं अक्षर ओळखता ना?"

त्यानं पान काढलं. ओळ वाचली. कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं आम्ही सोबत आणलेली मास्टर कॉपी मागितली, दोन्ही पानं शेजारी ठेवली, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याला हायसं वाटलं होतं.

"म्हणजे चूक दुकानाची आहे," तो कारकुनाला म्हणाला. "लिहून घ्या. नोट्सची सदोष प्रत. विभागाचा ह्यात काही संबंध नाही."

"लिहा," मी म्हणाले. "माझं नाव घालून लिहा. मी कापली ती ओळ. सोळा वर्षांची होते, रागात होते, आकडा दिसत असून बदलला नाही. मी चुकले. आता तुमचं काय ते पण लिहा."

"हे बघा बाई, आवाज चढवू नका."

"चढवणार!"

"तू थांब," ताई म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. पण असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिनं दोन्ही हात टेबलाच्या कडेवर दाबून धरले. तेव्हा मला कळलं की घरात रागीट मी एकटी नाही. मी माझा राग रोज खर्च करते, तिनं सहा वर्षं साठवला होता.

"ओळ आमच्या मशीननं कापली, सर," ती म्हणाली. "प्रश्न मशीननं काढला नाही. एकशे आठ पेपर मशीननं तपासले नाहीत. ओळ नसली की तेच प्रूफ टोकं कापलेल्या पट्टीलाही लागू पडतं, आणि तिथे ते खोटं आहे, एवढं दिसायला मूळ वही लागत नाही. उत्तर लिहिलं तेव्हा वहीतली ही ओळ मी बघितलेली नव्हती. मीसुद्धा त्याच कॉपीवरून शिकले. ज्या कॉपीवरून तुम्ही शिकलात."

कारकुनानं लिहायचं थांबवलं होतं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पहिल्या कॉपीकडे बघितलं. त्यानं कुणाकडेच बघितलं नाही.

निर्णय झाला. प्रश्न सदोष, म्हणून रद्द. नियमाप्रमाणे सगळ्यांना त्याचे पूर्ण गुण. ज्यांनी खोटं सिद्ध केलं त्यांना दहा, आणि ताईलाही दहा. तेहेतीस आणि दहा त्रेचाळीस. ताई पदवीधर झाली. अध्यक्षबाईंनी अभिनंदन केलं. माझं रक्त उकळत होतं. एक खरं बोलणारी आणि एकशे सात घोकणारे, सगळे एका मापात, आणि वर ही मेहेरबानी!

ताईनं सहीसाठी पुढे आलेला कागद घेतला नाही.

"गुण सगळ्यांना द्या, पोरांची चूक नाही," ती म्हणाली. "पण सही करायच्या आधी माझं एक मागणं आहे. सरांनी माझं उत्तर वाचावं. इथे. आत्ता."

"त्याची आता काय गरज?" तो म्हणाला. "गुण मिळाले ना?"

"वाचा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

त्यानं उत्तरपत्रिका ओढली. लाल रेघेखालून वाचायला सुरुवात केली, बोट ओळीवर ठेवून. पहिल्या ओळीवरून बोट सरकलं, दुसऱ्या ओळीवरून सरकलं. तिसऱ्या ओळीवर, जिथे एक भागिले एक्स होतं, तिथे बोट थांबलं.

"बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. इतक्या हळू की कारकुनानं विचारलं, "काय लिहू?"

"बरोबर आहे लिहा," ताई म्हणाली, आणि सही केली.

पंधरा दिवसांनी दुकानाला नोटीस आली. शैक्षणिक साहित्यात दोष राहिल्याबद्दल गाळेधारकानं खुलासा द्यावा, करार तोवर स्थगित. खाली सही पहिल्या कॉपीची. मी ती फाडणार होते. ताईनं हातातून काढून घेतली आणि तीन ओळींत खुलासा लिहिला. ओळ आमच्याकडून कापली गेली. नवी प्रत मूळ वहीवरून काढली आहे. विभागानं आपल्याकडच्या सर्व प्रती आणून दिल्यास बदलून देऊ. त्यावर अजून उत्तर नाही. करार अजून अधांतरी आहे आणि आम्ही रोज दहा वाजता शटर उघडतो.

नवी प्रत मी काढली. नव्वदवर ठेवून, प्रत्येक पानाआधी आकडा बघून, एकशे बारा पानं. शेहेचाळीसपाशी आले तेव्हा ताईनं झाकणावर हात ठेवला. "नुसती काढू नकोस. ही ओळ का लागते ते सांग." मी सांगितलं. पट्टी, टोक, सी. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. मग तिनं हात उचलला.

नव्या वर्षाची पहिली विद्यार्थिनी परवा आली. मोठा चष्मा, पाठीवर जड सॅक. तिनं नोट्स चाळल्या, मोबाइलवरच्या जुन्या प्रतीशी ताडून बघितल्या आणि शेहेचाळिसाव्या पानावर अडकली.

"काकू, ही ओळ सीनियर्सच्या नोट्समध्ये नाहीये," ती म्हणाली. "परीक्षेत लिहायची का? मार्क कापणार नाहीत ना?"

ताई कटरपाशी होती. तिनं मान वर केली आणि ती माझ्याकडे बघत राहिली.

"लिही," मी म्हणाले. "आणि कुणी कापलेच, तर उत्तरपत्रिकेची प्रत मागव. ती मीच काढते."